‘पाठवा’ नावाचे चित्र

“छोट्या, तुमच्या पानाला बटणच नाहीये,” ताई फोनवर म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. तो हसला, कारण अर्जाचे ते पान त्याच्यासमोर संगणकावर उघडेच होते आणि तळाशी बटण होते. हिरवे, गोल कडांचे, खाली पुसटशी सावली, वर पांढऱ्या अक्षरांत ‘पाठवा’. त्या सावलीवर त्याने अडीच दिवस घालवले होते. “आहे की ताई, हे काय, मला दिसतंय,” तो बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली. पलीकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती. “तुला दिसतंय म्हणून ते आहे, असंच ना?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरे वाटले असते. ताईचा राग लवकर निवायचा, पण तिचे असे सरळ विचारणे दिवसचे दिवस अंगात रुतून बसायचे. “ऐक. नाव विचारलं, भरलं. पावतीचा नंबर विचारला, भरला. मजला विचारला, तळमजला निवडला. आणखी काही सांगायचंय का विचारलं, ते सोडलं. इथपर्यंत सगळं ठीक. मग आमचा बोलक्या म्हणतो, ‘चित्र’. आणि पान संपतं. वर जाते, परत खाली येते. ‘चित्र.’ संपलं. अकरा वेळा केलं मी. मला मेलीला चित्र काय करायचंय?”

बोलक्या म्हणजे तिच्या संगणकातला तो आवाज, पडद्यावरचे सगळे वाचून दाखवणारा. ताईची दृष्टी गेली त्याला वीस वर्षे झाली होती आणि बोलक्या गेली सात वर्षे तिच्या घरात होता. त्याच्याशी ती भांडायची, त्याचे उच्चार सुधारायची, कधी कधी त्याला गप्प बस म्हणायची. तो खोटे बोलत नाही, एवढे मात्र ती मानायची. आणि तो चित्र म्हणाला होता, कारण ते खरेच चित्र होते. हे त्याला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच आता कानशिले तापली होती. खरे बटण वेगळे असते. खरे बटण स्वतःहून सांगते की मी बटण आहे, मला दाबा. माउसने दाबा, कीबोर्डने दाबा, कशानेही दाबा. स्क्रिप्ट नावाची ती मागची यंत्रणा आली नाही तरी ते आपले काम करते. पण खरे बटण प्रत्येकाच्या संगणकावर थोडे थोडे वेगळे दिसते, आणि ऑफिसातल्या मॅडमना ते सगळीकडे एकसारखे हवे होते. म्हणून त्याने चित्र काढले आणि त्यामागे स्क्रिप्ट उभी केली. म्हणजे भिंतीवर दार रंगवायचे आणि भिंतीआड एक माणूस ठेवायचा. कुणी दारावर नेमकी माउसची टिचकी मारली की त्या माणसाने भिंत सरकवायची. माणूस आला नाही, टिचकी वेगळी पडली, तर भिंत ती भिंतच.

आणि पान साधेसुधे नव्हते. ताईची इमारत धोकादायक ठरली होती. तशा सहा इमारतींतल्या लोकांना नव्या आठ मजली इमारतीत घरे मिळणार होती. तळमजला हवा असेल त्याने आज पाचच्या आत मागायचा; जो मागणार नाही त्याला सोडतीचे यंत्र देईल तो मजला. लिफ्ट पुढे केव्हातरी बसणार होती. ‘प्रत्यक्ष अर्ज स्वीकारले जाणार नाहीत’ हे वाक्य त्यानेच टाइप केले होते, एका हातात सँडविच धरून. ताईच्या आताच्या खोलीपासून फाटकापर्यंत एकोणतीस पावले होती, वळण एक, पायरी एकही नाही. त्या एकोणतीस पावलांवर तिने वीस वर्षे आपले आयुष्य उभे केले होते. तिला सातव्या मजल्याच्या जिन्यात, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने दुधाची पिशवी धरून उभी असलेली त्याने क्षणभर मनात पाहिले.

“ताई, त्यात काय एवढं. मी इथून भरतो. पावतीचा नंबर सांग आणि मोबाइलवर आकडे येतील ते सांग. दोन मिनिटांचं काम.”

पंखा फिरत राहिला. मग ती म्हणाली, “नको.”

“अगं पण—”

“नको म्हटलं ना. एकदा तू माझं बोट धरून दाखवलंस सही कुठे करायची ते. पुरे झालं तेवढं.”

वीस वर्षांत तिने ही गोष्ट कधी काढली नव्हती. त्याला वाटत होते ती विसरली असेल, किंवा तिला कळलेच नसेल. ताई छापखान्यात मुद्रितशोधक होती. दुसऱ्याच्या मजकुरातले चुकलेले काने, वेलांट्या, टिंबे पकडायचे तिचे काम, आणि ती ते असे करायची की छापखान्यातले लोक तिला गमतीने चाळण म्हणत. डोळ्यांपुढे धुके यायला लागले तेव्हा तिने सहा महिन्यांची रजा मागायचे ठरवले. कागद घेऊन तो गेला होता. साहेबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले, रजा कसली, आता त्या परत येणार आहेत का, सन्मानाने मोकळे होऊ द्या त्यांना. तो सव्वीस वर्षांचा होता, साहेबांचे टेबल मोठे होते. त्याने दुसरा, राजीनाम्याचा कागद आणला. ‘स्वेच्छेने’ असा शब्द होता त्यात. ती म्हणाली, वाचून दाखव. तो म्हणाला, रजेचाच आहे गं, नेहमीचा मजकूर. मग त्याने तिची तर्जनी उचलून रेघेवर ठेवली, आणि तिने सही केली, सुरेख, रेघेला धरून. त्या बोटाची ऊब अजून त्याच्या बोटांत होती. तिच्या भल्यासाठीच केले, असे तो स्वतःला सांगत आला होता. आणि सांगताना दर वेळी त्या साहेबांचे टेबल थोडे थोडे मोठे होत गेले होते.

“हे बघ, काका काय म्हणतायत ऐक,” ताई म्हणाली, आणि फोनवर धापा टाकणारा, खुशीत असलेला आवाज आला. “मी टायपिस्ट बोलतोय, शेजारचा. अरे बाबा, चाळीस वर्षं मी कळा बडवल्या. आता हात नाचतात, तो माउस हातात ठरत नाही, म्हणून सगळं कळांवरच करतो. तुझं बटण कळेला दाद देत नाही. त्यात तुमची पानं नाचतात. माझे हात नाचतात, पानं पण नाचायला लागली तर जमायचं कसं? म्हणून मी ती स्क्रिप्टची भानगडच बंद करून ठेवलीय. तर तुझं पान नुसतं गोल फिरणारं भिरभिरं दाखवतं. मागच्या महिन्यात तक्रार केली होती. उत्तर आलं, ‘आमच्याकडे चालते.’ म्हटलं वा, मग आम्हीच तुमच्याकडे राहायला येतो, खाट टाका.” मागे ताई हसली. त्याला हसता आले नाही. आमच्याकडे चालते. ते उत्तर कुणी लिहिले होते हे शोधायची गरज नव्हती. “बघतो आणि फोन करतो,” एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

त्याने मोजणी उघडली. पान किती जणांनी उघडले, किती जणांचा अर्ज पोचला, याची ती नोंद तो रोज सकाळी नुसती वरवर पाहायचा. आलेख चढता असला की झाले. आज तो एकेक ओळ वाचू लागला. शेवटच्या टप्प्यापर्यंत आलेले तीनशे बारा. पोचलेले अर्ज दोनशे त्रेपन्न. त्याने वजाबाकी केली, पुन्हा केली. एकोणसाठ माणसे आत आली होती आणि बाहेर पडली नव्हती. काही एकदाच आली होती. काही पाच-पाच, आठ-आठ वेळा. एक जण सलग तीन दिवस दुपारी साधारण एकाच वेळी येऊन, चाळीस-चाळीस मिनिटे थांबून गेले होते. चाळीस मिनिटे कुणी काय करत असेल त्या पानावर? भिंत चाचपत असेल. त्याला ती सगळी माणसे एका बोळात उभी असलेली दिसली, रंगवलेल्या दारापुढे, रांग न मोडता. आणि आपण वरच्या खिडकीतून त्यांना सांगतो आहोत की दार उघडेच आहे, आमच्याकडे चालते. बोळात उभा असलेला प्रत्येक माणूस पाठमोरा होता. त्यातला एक बाबांसारखा होता.

बाबा पाट्या रंगवायचे. अक्षरओळख नव्हती, पण हात असा की कागदावर द्याल ते अक्षर फळीवर जसेच्या तसे, वितीएवढे. त्यांच्यासाठी ती अक्षरे नव्हतीच. ती चित्रे होती, आणि ती हुबेहूब काढण्याचा त्यांना अभिमान होता. एका खतविक्रेत्याने मजकूर लिहून दिला: येथे उत्तम खत मिळेल. लिहिताना त्याचे पेन ओकले आणि ‘ख’च्या डोक्यावर शाईचा एक थेंब पडला. बाबांनी तो थेंबही काढला. चांगला ठसठशीत, लाल. पाटी चढली आणि तासाभरात दुकानापुढे ही गर्दी. येथे उत्तम खंत मिळेल. “काय भाव लावली हो खंत?” “माझ्या सासऱ्याकडे पडून आहे, विकत घेता का?” दुकानदार आधी चिडला आणि मग तोही हसायला लागला. बाबा शिडीवर होते. त्यांनी कागद आणि पाटी, पाटी आणि कागद असे पाहिले आणि विचारले, “कुठं चुकलंय?” कुणी सांगेना. त्यांनी पुन्हा विचारले. लोक त्या प्रश्नालाही हसले. आणि तो, सहा वर्षांचा, बाबांच्या रंगाच्या डब्यापाशी उभा, सगळ्यांत मोठ्याने हसला होता. त्याला विनोद कळलाही नव्हता. सगळे हसत होते आणि त्याला सगळ्यांत असायचे होते. चौदा वर्षांची ताई परकर खोचून शिडीवर चढली. तिने त्या टिंबावर बोट ठेवले आणि म्हणाली, “हे.” रंग ओला होता. तिचे बोट लाल झाले. बाबा त्या बोटाकडे बघत राहिले. त्या आठवड्यापासून ते तिच्याकडून अक्षरे शिकायला लागले, चाळिशी उलटल्यावर, पाट्यांच्या मागच्या बाजूला खडूने. वाचता यायला लागल्यावर त्यांचा हात मंदावला. एका फळीला दोन दिवस लागत. पण पाटी चढवण्याआधी ताईला हाक मारायचे, “टिंबं बघून घे गं.” कुणीतरी बोट ठेवून ‘हे’ म्हणावे लागते. हसून भागत नाही. आणि आपण? आपण तर बाबांच्याही मागे गेलो, त्याच्या मनात आले. बाबांना वाचता येत नव्हते म्हणून ते चित्रे काढत होते. आपल्याला वाचता येत होते.

चार वाजायला पाच मिनिटे असताना तो मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि काचेच्या फळ्याकडे मान वळवली. तिथे लिहिले होते: शेवटच्या दिवशी चालू पानाला हात लावायचा नाही. अक्षर त्याचेच होते. दोन वर्षांपूर्वी असाच शेवटच्या तासाला त्याने एक लहानसा बदल केला होता आणि पान तीन तास आडवे पडले होते.

“सोमवारी कर,” त्या म्हणाल्या.

“सोमवारी काय उपयोग? पाच वाजता संपतंय.”

“मुदत माझ्या हातात नाही. आणि अजून लोक भरतायत. तू हात लावलास आणि पडलं, तर त्यांचंही जाईल. किती आहेत असे? शेकड्यात दोन-चार.”

“एकोणसाठ आहेत. माणसं.”

“अरे, त्यांच्या घरचे देतात ना भरून. तुझ्या बहिणीचा तू भर.”

काय सांगणार होता, की वीस वर्षांपूर्वी मी भरला होता? त्याने नुसता हात पुढे केला आणि मॅडमच्या टेबलावरचा माउस उचलून घेतला. तार सुटून लोंबायला लागली. “हे काय करतोयस?” “तुम्ही भरा. याच्याशिवाय.” तो छोटासा माउस त्याच्या मुठीत गरम होत चालला होता, एखाद्या जिवासारखा. मॅडमनी त्याच्याकडे पाहिले, मग कदाचित वाद टाळायला म्हणून कीबोर्ड जवळ ओढला. एकेक कळ दाबत त्या पुढे गेल्या. नाव. पावती. मजला. शेवटचा रकाना. पुढची कळ दाबली आणि कोणत्या रकान्यात आहोत ते दाखवणारी निळी चौकट बटणाला ओलांडून थेट वर, पानाच्या बाहेर गेली. त्यांनी पुन्हा केले. पुन्हा चौकट त्या हिरव्या बटणाच्या शेजारून निघून गेली, ओळख नसलेल्या माणसासारखी. तिसऱ्या वेळी त्या कळ जोरात दाबायला लागल्या, जोराने काही फरक पडणार असल्यासारख्या. चौथ्या वेळी त्यांचे बोट आपोआप पडद्याकडे गेले, बटणावर टेकले आणि काचेवर डाग उमटला. “हे तर इथे आहे,” त्या म्हणाल्या. घड्याळात चार वाजून आठ झाले. “मोडलं तर तुझ्या नावावर,” त्या हळू म्हणाल्या. “आणि माउस ठेव खाली.”

काम तसे मोठे नव्हते. हीच खरी टोचणी होती. त्याने पंधरा वर्षांपूर्वी शिकलेला साधा फॉर्म पुन्हा लिहिला: प्रत्येक रकान्याला त्याचे नाव, शेवटी खरे बटण, आणि दाबले की मजकूर सरळ सर्व्हरकडे, मध्ये स्क्रिप्ट नाही, भिरभिरे नाही, सावली नाही. स्क्रिप्ट आली तर तिने हवी तर शोभा वाढवावी. नाही आली तर कुणाचे काही अडू नये. बोटे चुकत होती. एकदा कंसच राहिला, एकदा सर्व्हरने अर्ज घेतला आणि मजल्याचा रकाना रिकामा दाखवला. तेव्हा त्याने सगळे पुन्हा वरून वाचायला घेतले, कारण रिकामा मजला म्हणजे यंत्र देईल तो मजला. चूक सापडेपर्यंत साडेचार वाजले. त्याने माउस खणात टाकला आणि नुसत्या कळांवर अर्ज भरून पाहिला. मग स्क्रिप्ट बंद करून. मग डोळे मिटून, आपल्याच संगणकातला बोलक्या लावून. ‘पाठवा, बटण,’ तो परका आवाज म्हणाला, आणि त्याला एकदम रडू यायला झाले, एवढ्याशा शब्दाने. चार एक्केचाळीसला त्याने नवे पान चढवले. काही पडले नाही. काही झालेच नाही. ते हिरवे सुंदर चित्र गेले आणि तिथे एक करडे, चौकोनी, कुणाच्याही नजरेत न भरणारे बटण आले.

“ताई, पान परत उघड.”

“भरलेलं सगळं गेलं?”

“गेलं. पुन्हा भरावं लागेल. वेळ आहे अजून. एकोणीस मिनिटं.”

“तू फोन ठेव.”

“थांबतो ना, काही अडलं तर—”

“तू ऐकत असलास की माझी बोटं चुकतात. ठेव. आणि काकांना मी सांगते.”

तो मोजणीपुढे बसला. साध्या वाटेने, म्हणजे माउसशिवाय किंवा स्क्रिप्टशिवाय, आलेला अर्ज तिथे वेगळा दिसणार होता. चार शेहेचाळीस. काही नाही. चार एकोणपन्नासला पहिला आला: टायपिस्ट काकांचा, आडनावातले एक अक्षर तीनदा उमटलेले, तळमजला. त्यानंतर आणखी दोन, अनोळखी. मग पाच मिनिटे कोरी. ती काय करत असेल? वीज गेली असेल. मोबाइलवर आकडे आले नसतील. फोन करावा? हात फोनवर गेला आणि त्याने तो मांडीखाली दाबून धरला, लहानपणी नखे कुरतडू नयेत म्हणून धरायचा तसा. बाकीच्यांचे काय, हा विचार त्याला तेव्हा कुठे आला. पान दुरुस्त झाले हे त्यांना कोण सांगणार? तीन दिवस चाळीस मिनिटे थांबणारे ते कोण होते? नाव नव्हते, नंबर नव्हता. त्यांनी पत्ता दिलाच नव्हता. पत्ता पाठवायलाच तर बटण नव्हते. ते आज पुन्हा आले तर आले. तो त्या ओळींकडे टक लावून बसला, माणसे हाताने आत ओढता येतील असे. चार पंचावन्नला एक आला. छप्पन्नला चार एकदम, आणि तो उभाच राहिला. सत्तावन्नला एक. अठ्ठावन्नला आणखी एक, ताईचा नाही. मॅडम केव्हा येऊन मागे उभ्या राहिल्या त्याला कळले नाही. “आला?” त्यांनी विचारले. त्याने नाही म्हणून मान हलवली. चार एकोणसाठ. आकडा बदलताना पडदा किंचित लुकलुकला आणि ओळ आली. ताईचे नाव. पावतीचा नंबर, बरोबर. मजला: तळमजला. मॅडमनी त्याच्या खांद्यावर दोन बोटे टेकवली आणि त्या निघून गेल्या.

पाच वाजले. पान आपोआप बंद झाले. साध्या वाटेने अकरा आले होते. एकोणसाठातून अकरा गेले. अठ्ठेचाळीस. तो आकडा त्याने कागदावर लिहिला, कशासाठी ते न कळता, आणि मग ताईचा अर्ज पुरता उघडला. खाली एक रकाना होता, ‘आणखी काही सांगायचे असल्यास’. तो रकाना कुणी भरत नसे. त्यानेच तो ठेवला होता, जागा रिकामी दिसू नये म्हणून. ताईने भरला होता. तिला उशीर त्यामुळेच झाला असणार. एकच ओळ होती, आणि मुद्रितशोधकाने तपासल्यासारखी निर्दोष होती.

येथे उत्तम खंत मिळेल.

ती हसत असेल की नाही, ते त्याला ठरवता येईना. बाहेर लोक खुर्च्या सरकवत होते, कुणी कुणाला सोमवारी भेटू म्हणत होते. त्याने हात पुढे केला आणि पडद्यावरच्या त्या टिंबावर बोट ठेवले. टिंब बोटाखाली झाकले गेले, आणि तेवढा वेळ तिथे उत्तम खत मिळू लागले. मग त्याने बोट काढले.